दसरा न काढलेलं साल

मालन आत्या आमच्या घरापुरती मेलेली आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. घराबाहेर ती ठणठणीत होती. गडहिंग्लजला राहायची, दसऱ्याला आणि भाऊबिजेला सिद्राम मामांना घेऊन कोल्हापूरला यायची, आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, मांडी घालून बसायची आणि अख्ख्या गल्लीची खबरबात घ्यायची. पण आमच्या घरचा पाण्याचा थेंब तिनं कधी तोंडात घेतला नाही. बाटली तिची, डबा तिचा. चहाचा कप पुढे केला की म्हणायची, "मेलेल्या माणसाला च्या कशाला गं?" सगळे हसायचे. सिद्राम मामा, म्हणजे तिचे यजमान, आपला कप संपवून शांतपणे तिचाही उचलायचे. "मी जावई हाय," ते म्हणायचे, "मला कुणी मारलं न्हाई अजून."

लहानपणी मला ही नुसती थट्टा वाटायची. मोठी झाल्यावर एकदा मी आत्याला छेडलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती एकदाही हसली नाही.

आमच्या आजोबांची, तात्यांची, पंचगंगेच्या वाटेवर चुनाभट्टी होती. आजी लवकर गेली. थोरले आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत, तेव्हा सिक्कीमला. घरात बापलेक दोघंच. भट्टीजवळ एसटीचा थांबा होता, आणि गडहिंग्लज गाडीचा ड्रायव्हर त्या थांब्यावर गाडी जरा जास्तच वेळ थांबवायला लागला. तेच सिद्राम मामा. जात वेगळी. वर्ल्ड कप जिंकला त्या साली, उन्हाळा संपता संपता, दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. तात्या गल्लीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "माझ्या लेखी मालन मेली!"

"बाप चिडला की म्हणतोच की गं असं," आत्या मला म्हणाली. "त्याचं मी मनाला लावून घेतलं न्हाई. म्हटलं, दसऱ्यापतूर निवळंल."

आमच्याकडे दसरा काढतात. बाहेरच्यांना सांगायचं तर, घट बसायच्या आधी अख्खं घर धुऊन काढायचं, गोधड्या-वाकळा नदीवर न्यायच्या, भांडी घासायची आणि भिंतींना चुना द्यायचा. घरात कुणी गेलं असेल तर मात्र त्या वर्षी दसरा काढत नाहीत. सण नाही, चुना नाही. आणि आम्ही तर चुनेवाले काळेल. नव्या हंगामाच्या चुन्याचा पहिला हात गिऱ्हाइकाच्या आधी आमच्या सोप्याच्या भिंतीला बसायचा. भिंत पांढरी नाही म्हणजे घरात मयत झालेली आहे, हे गल्लीतलं शेंबडं पोर सांगू शकायचं.

त्या साली खंडेनवमीला आत्या एकटीच कोल्हापूरला आली. समोरच्या किराणा दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. आमचं दार उघडं होतं. आत सोप्याची भिंत दिसत होती, गेल्या सालच्या धुरानं काळवंडलेली. घट नव्हता, माळ नव्हती, तोरण नव्हतं.

"मग मला पटलं," आत्या म्हणाली. "त्यो नुसता बोलला न्हवता. त्यानं माझं सुतक धरलं हुतं. जिवंत लेकीचं! तशीच माघारी फिरले. त्या घरात मी मेले ती मेलेच."

तात्या पुढे आठ वर्षं जगले. ते तिच्याकडे गेले नाहीत, ही आली नाही. आली ती त्यांच्या मातीला. त्यानंतर भावासाठी येत राहिली, पण पाणी नाही म्हणजे नाही. आप्पांनी हात जोडून बघितलं, माझ्या आईनं रडून बघितलं. यंदा ऐंशी ओलांडलेल्या आत्यानं फोनवर सांगितलं, की संक्रांतीनंतर दोघं लेकीकडे बडोद्याला जाणार, कायमची. "ह्यो शेवटचा दसरा तुमच्याकडं. डबा घिऊन येते." फोन ठेवला आणि मी आप्पांवरच ओरडले, की तुमच्या घरातली सगळी माणसं अशी कळीच्या चुन्याची कशी? पाणी पडलं की उकळलीच. आप्पा म्हणाले, "तू कुणाची हायस?"

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि सध्या माझी नोकरी म्हणजे भिंती वाचणं. ही काय भानगड आहे ते सांगते. उष्मासुट्टीचा कायदा आला, तेव्हा त्यात लिहिलं होतं की त्या तारखेच्या जुन्या सरासरीपेक्षा पारा चार अंश वर गेला, की दुपारी बांधकामं, शाळा, बाजारातली हमाली, सगळं बंद. वैशाखाबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. भांडण पेटलं ते सप्टेंबर-ऑक्टोबरचं. बिल्डर म्हणायचे, ऑक्टोबर पहिल्यापासून तापतोच, त्यात नवल काय? हमालांची संघटना म्हणायची, आमच्या बापजाद्यांना नवरात्रात पहाटे शाल लागायची. वेधशाळेच्या रोजच्या नोंदी एका सालापर्यंत मागे जातात आणि संपतात, त्यातही अधूनमधून खाडे. त्याच्या आधीचं शरदातलं रोजचं तापमान आणायचं कुठून?

ते आमच्या भिंतींमध्ये होतं. आता जरा भट्टीचं शास्त्र सांगते, कंटाळू नका. चुनखडीचा दगड भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्याच्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो आणि विझतो. हा विझलेला चुना पातळ करून भिंतीला दिला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा दगड होतो. दरवर्षी चुना दिलेली भिंत ही अशी कागदासारख्या पातळ दगडांची चळत असते.

आता हवेतला सगळा कार्बन सारखा नसतो, थोडासा जड असतो. ऑक्सिजनचंही तसंच. दगड होताना हे जड अणू किती प्रमाणात एकमेकांशेजारी बसतात, हे त्या दिवशीच्या तापमानावर ठरतं. थंडी असली की जडाला जड बिलगतो, ऊन असलं की पांगतात. एकदा दगड झाला की जागा बदलता येत नाही. म्हणून जड जोड्या किती हे मोजलं, की तो दगड झाला तेव्हा हवा किती तापलेली होती ते कळतं. शिंपले आणि गुहांमधले दगड असे वाचण्याची रीत जुनी आहे. आमच्या प्रयोगशाळेनं बनवलं ते प्रेशर कुकरएवढं यंत्र, केसाहून बारीक थर लेसरनं सुटा सुटा उडवून वाचणारं. चुना बाहेरून आत दगड होत जातो, त्यामुळे एकाच थरात पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस असा क्रमही मिळतो. ते आकडे वेधशाळेच्या रोजच्या नोंदींशेजारी ठेवले की तो थर कुठल्या सालच्या कुठल्या आठवड्यातला ते सापडतं. आणि भिंतीचा वरचा भाग असा जुळला, की खालच्या, वेधशाळेच्याही आधीच्या थरांवर विश्वास ठेवता येतो.

चुना दरवर्षी एकाच मोसमात, घट बसायच्या आधी, नेमानं देणारी घरं हवी होती. म्हणजे आमचं गाव. आणि गावात सगळ्यात नेमाची भिंत कुणाची, हे मला साहेबांनी सांगायची गरज नव्हती.

यंत्र सोप्यात आलं त्या दिवशी आप्पांनी त्याचं नाव 'कुकर' ठेवलं. दिवसभर ते शिट्टीविना गुरगुरत बसायचं आणि आप्पा शेजारी खुर्ची टाकून माशा वारायचे. बाहेर भाद्रपद संपत आलेला, ऊन असं की गच्चीवर पापड तळून निघावेत. गल्लीत बातमी पसरायला दुपार पुरली. पोवार काकू विचारायला आल्या, की त्यांच्या नणंदेच्या डोहाळजेवणाला खरंच उकडत होतं, की नणंद उगाच नखरे करत होती. तालमीतले बापू आले, त्यांना आपल्या एका कुस्तीच्या दिवशी माती ओली होती हे सिद्ध करायचं होतं. "त्या दिवशी तालमीला चुना दिला होता का?" मी विचारलं. "चुना मला लावला समोरच्या गड्यानं," बापू म्हणाले आणि निघून गेले.

वरचा डिस्टेंपर खरवडल्यावर चुना लागला. आमच्याकडे रंगाच्या थराला हात म्हणतात. भिंतीला दोन हात दिले, तीन हात दिले. माझी पद्धत सोपी होती. सगळ्यात वरचा हात कुठल्या सालचा हे माहीत होतं, कारण तात्या गेले आणि भट्टी बंद झाली. तिथून एकेक साल मागे जायचं. मयत झालेली सालं सोडून द्यायची.

"आई गेली ते साल सोड," आप्पा म्हणाले. "आज्जा गेला ते सोड."

"आणि आत्याचं साल," मी म्हणाले.

आप्पांनी यंत्रावरची एक माशी वारली. मग म्हणाले, "व्हय. ते बी सोड."

वरून वर्ल्ड कपच्या सालापर्यंत सगळं कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. भिंतीवरचे आकडे आणि वेधशाळेचे आकडे दिवसागणिक जुळत होते. त्याच्या खाली मात्र एकही हात जुळेना. पाऊस पडलेल्या आठवड्यासमोर कोरडा आठवडा, थंड आठवड्यासमोर तापलेला. मी दोन दिवस यंत्राला शिव्या घातल्या, भिंतीवरची जागा बदलली, देवळीशेजारून नवीन तुकडा घेतला. तेच. सगळं बरोबर एका वर्षानं सरकलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना डोक्यात उजेड पडला. तशीच ओल्या केसांनी सोप्यात आले आणि मी सोडून दिलेलं साल परत घातलं. खालचे सगळे हात एका झटक्यात आपापल्या जागी जाऊन बसले.

"आप्पा," मी हाक मारली, "आत्याच्या सालचा हात आहे."

"काय म्हणतीस?"

"तात्यांनी त्या साली चुना दिला होता. हा बघा."

आप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. पडद्यावर भिंतीचा काप हजारपट मोठा करून दाखवला होता, पांढऱ्या, कुठे निळसर पट्ट्यांची उतरंड. त्यांना आकड्यांमधलं फारसं कळत नव्हतं, पण मी बोट ठेवलेला पट्टा कळत होता.

"पण मालननं स्वतः बघितलं की काळी भिंत!"

"खंडेनवमीला बघितलं. बाकी सगळे हात घट बसायच्या आधीचे आहेत, हा एकटा उशिराचा. हे बघा, दोन दिवस तापलेले, मग एक दिवस पारा एकदम पाच अंशांनी खाली, मग हळूहळू वर. वेधशाळेच्या नोंदींत असा आठवडा त्या साली एकच आहे. अवकाळी पाऊस आला होता. कोजागरी झाल्यानंतरचा आठवडा."

आप्पा खुर्चीत मागे टेकले. "कोजागरीनंतर," ते पुटपुटले. "कोजागरीनंतर म्हंजे दिवाळीच्या तोंडावर." आणि मग एकदम कपाळावर हात मारला. "दिवाळसण! अगं, लग्नानंतरची पयली दिवाळी. जावयाला बोलवायचं असतंय सासऱ्यानं. म्हाताऱ्यानं जावई येणार म्हणून भिंत केली!"

"मग बोलावणं का नाही धाडलं?"

"तात्या आणि बोलावणं!" आप्पा हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. "त्यानं भट्टीवरच्या गिऱ्हाइकाला बी कधी 'या' म्हटलं न्हाई. म्हणायचा, चुना पांढरा दिसतोय लांबनं, ज्याला याचंय त्यो यील. भिंत पांढरी केली म्हंजे सांगितलं की सगळं, असं वाटलं असणार त्याला."

"तुम्ही नंतर रजेवर आलात तेव्हा पांढरी भिंत दिसली नाही तुम्हाला?"

"माझ्या लग्नाच्या गडबडीत आलो हुतो मी! त्यात भिंत बघतंय कोण?"

मला नाचावंसं वाटत होतं. मी म्हणाले, आत्ता फोन लावते. आप्पांनी माझा हात धरला.

"थांब वैजू. सांगू नकोस."

"अहो, का?"

"आतापतूर तिला वाटतंय बापानं दार लावलं. ते सोसलं तिनं, संसार केला, पोरं वाढवली. आता तू सांगणार, की बाप दार उघडून बसला हुता आणि तूच आली न्हाईस. या वयात तिनं ते कुठं ठेवायचं?"

भिंतीनं तापमान सांगितलं, तारीख सांगितली. चुना कुणासाठी दिला, हे यंत्रात येत नाही. दिवाळसण हा आमचा तर्क. कदाचित तात्यांना धूळ सहन झाली नसेल, किंवा उरलेला चुना वाया जाऊ नये म्हणून दिला असेल. अशा तर्कावर एका म्हाताऱ्या बाईला रडवायचं का? पण मग ती बडोद्याला जाणार, आणि जाताना आमच्या घरासाठी मेलेलीच राहणार, हे मला अजिबात सहन होत नव्हतं. आप्पांशी मी बोलणंच सोडलं. तेही इरेला पेटून गच्चीवर जाऊन बसले, आणि उन्हाचा तडाखा लागल्यावर आपोआप खाली आले.

मधल्या वेळात मी काम संपवलं. आमच्या भिंतीतले सगळे हात पुण्याला धाडले. तिथे त्यांनी आणखी चार घरांच्या भिंतींशी ताडून पाहिले आणि हमालांच्या संघटनेचं म्हणणं खरं निघालं. जुन्या ऑक्टोबरातली हवा आतापेक्षा चांगली तीन अंशांनी गार होती. पुढच्या वर्षी नवी सरासरी लागू होणार आणि शरदातही दुपारची सुट्टी मिळणार. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. एका गोष्टीचा मात्र त्यांनाही उलगडा झाला नव्हता: त्या उशिराच्या हातात नीळ फार होती, बाकीच्या कुठल्याही हाताच्या तिप्पट-चौपट. चुना पिवळट दिसू नये म्हणून थोडी नीळ घालतात, पण इतकी? मी म्हटलं, नोंद घेऊन ठेवा, काहीतरी भेसळ असेल.

खंडेनवमीला आप्पांनी रिवाजाप्रमाणे हत्यारं मांडली. तात्यांचं घमेलं, फावडं, स्वतःची फौजेतली पदकं. आणि पाटावर मधोमध माझं यंत्र, त्यावर झेंडूचं फूल आणि कुंकवाचं बोट. "कुकर बी हत्यारच हाय," ते म्हणाले. आमचा अबोला तिथे संपला.

दुपारी आत्या आणि मामा आले. आत्या वाळून बारीक झाली होती, पण आवाज तोच, गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारा. डब्याची पिशवी तिनं शेजारी ठेवली. सोप्याच्या भिंतीला डिस्टेंपर खरवडलेली जागा दिसताच म्हणाली, "हे काय, उंदीर लागलं का भिंतीला?"

"वैजू लागलीया," मामा म्हणाले.

"मी तापमान मोजतेय आत्या. जुन्या दसऱ्यांचं."

"भिंतीतनं?"

"भिंतीतनं."

आप्पा खोकले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आमचा तर्क मी सांगणार नव्हते. पण भिंत जे सांगतेय ते लपवायला मी कोण, असं मी रात्रभर स्वतःला बजावलं होतं. मी स्क्रीन तिच्यासमोर धरला आणि हात मोजत खाली आले. हे आप्पांच्या लग्नानंतरचं साल, आईनं दिलेला पहिला चुना. "आणि हा त्याच्या आधीचा."

आत्याच्या लगेच लक्षात आलं. "त्याच्या आधीचं साल माझं," ती म्हणाली. "त्या साली चुना न्हवता. तुझं मशीन चुकतंय."

"यंत्र चार वेळा चालवलं."

"मी डोळ्यानं बघितलंय, पोरी! त्या समोरच्या दुकानापाशी हुबारून. काळी हुती भिंत."

"खंडेनवमीला काळीच होती आत्या. हा हात त्यानंतरचा आहे. कोजागरी झाल्यावर, अवकाळी पाऊस आला ना, त्या आठवड्यातला."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दिवाळीच्या आधीचा?" आत्यानं विचारलं.

"हो."

"म्हंजे..." ती थांबली. आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान खाली घातली, आणि तिला जे कळायचं ते कळलं. पण पटेना. तिनं मान झटकली. "उगं माझं समाधान करताय दोघं मिळून. मी चालले बडोद्याला म्हणून. भिंत काय, कुणीबी रंगवतंय. तात्यानंच रंगवली कशावरनं?"

मी स्क्रीन बाजूला घ्यायला लागले, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. ह्यो पट्टा असा निळा का दिसतोय?"

"काहीतरी भेसळ आहे. नीळ फार पडलीय त्यात. आम्हालाही कळलं नाही."

आत्यानं स्क्रीन दोन्ही हातांत घेतला, नाकाजवळ नेला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. बघते तर हसत होती.

"अगं बाई! अगं, किती ती नीळ! पुडीच्या पुडी वतली की रं तात्या!" ती स्क्रीनशीच बोलत होती. "नीळ मी घालायची गं. धाव्या वर्षापासनं. फडक्यात पुरचुंडी बांधून घमेल्यात नुसती फिरवून काढायची. चुना त्यो मळायचा, पर नीळ घालायला मलाच हाक मारायचा. म्हणायचा, मालन, तुझ्या हातालाच कळतंय ते. त्याला अंदाजच न्हवता मुळी! घर आभाळागत झालं असंल! असल्या निळ्याजर्द भिंतीत दिवाळीला आले असते, तर पयल्यांदा म्हाताऱ्याला शिव्याच घातल्या असत्या मी."

आणि मग रडली. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. "वाट बघत बसला असंल गं त्यो. निळी भिंत करून एकटा बसला असंल."

आप्पा उठून तिच्याजवळ बसले. मामा म्हणाले, "मी म्हणत हुतो, दिवाळीला एकदा जाऊन बघू. म्हणत हुतो का न्हाई?"

"गप बसा तुम्ही," आत्या नाक ओढत म्हणाली. मग भिंतीजवळ गेली, खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं, चुना लागलाय का ते. मागे वळून म्हणाली, "त्यानं माझं सुतक धरलं न्हवतं."

"नाही आत्या."

"आठ वरसं हुता की गं त्यो. एकदा तरी आत येऊन बघायला पायजे हुतं मी." पण हे म्हणतानाही तिचा चेहरा निवळलेला होता. येऊन बसल्यावर तिनं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला, आणि आप्पांच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाली, "तू तर काय, सिक्कीमला बर्फात बसला हुतास! घरचं काय म्हाईत असणार तुला."

मी स्वयंपाकघरात गेले. सवयीनं चार कप चहा टाकला, साखर आत्याला आवडायची तशी, जास्त, जरी ती आमच्या घरी कधी प्यायली नसली तरी. ट्रे आणून मध्ये ठेवला. आप्पांनी कप घेतला, मी घेतला. मामांनी आपला चहा बशीत ओतून फुर्र करून संपवला आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं हात पुढे करून दुसरा कप उचलला.

"अवो," आत्या म्हणाली, "ठेवा खाली. त्यो माझा हाय."